ग्रॅनी टाक्याचे स्कार्फ आणि काऊल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की पुण्यात पहाटेचा गारवा जाणवू लागतो आणि त्याच सुमारास आमच्या क्रोशाच्या वर्गाकडे स्कार्फ आणि काऊल (टोके नसलेला, वर्तुळाकार स्कार्फ) यांविषयीचे प्रश्न येऊ लागतात. गेल्या काही हिवाळ्यांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्य तेथे विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर त्याचा क्रमांक तेथेच दिला आहे.

१. ग्रॅनी टाका म्हणजे नेमका कोणता टाका? ग्रॅनी स्क्वेअर आणि हा टाका एकच का?

ग्रॅनी हा खरे तर वेगळा टाका नाही, ती साध्या खांबांची, म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेल्या उंच टाक्यांची, एक मांडणी आहे. तीन खांब एकाच जागी घालून त्यांचा एक झुपका करायचा आणि वरच्या ओळीतला झुपका खालच्या दोन झुपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवायचा, एवढीच ती मांडणी. वाड्याच्या बांधणीत दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. क्रोशातही खांबच असल्यामुळे आम्ही वर्गात या मोकळ्या जागेला खणच म्हणतो आणि पुढील सर्व उत्तरांत तोच शब्द वापरला आहे. इतर विणकामात सुई खालच्या टाक्याच्या माथ्यातून घालावी लागते, येथे ती सरळ खणातून आरपार जाते. त्यामुळे हात लवकर बसतो, काम भराभर वाढते आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टाके मोजत बसावे लागत नाही. खण मोजले की पुरते.

हीच मांडणी मध्यबिंदूपासून गोलाकार फेऱ्यांनी विणत चार कोपरे काढले की ग्रॅनी स्क्वेअर होतो, आणि पुढे-मागे ओळींनी विणली की सलग पट्टी होते. या चौकोनाचा छापील नमुना अमेरिकेतल्या ‘प्रेअरी फार्मर’ या नियतकालिकात १८८५ साली आला होता. उरलीसुरली लोकर संपवण्याचा तो मार्ग होता आणि आजही त्याचा खरा उपयोग तोच आहे, असे आमचे मत आहे.

२. आईने खांब आणि मुका खांब शिकवले, पण इंग्रजी नमुन्यात डबल क्रोशे लिहिलेले असते. तो यांपैकी कोणता?

ते नमुना लिहिणारी व्यक्ती अमेरिकी पद्धतीने लिहिते की ब्रिटिश, यावर अवलंबून आहे. अमेरिकी पद्धतीत मुक्या खांबाला (वेढा न घेता विणलेल्या बुटक्या टाक्याला) सिंगल क्रोशे आणि खांबाला डबल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत मुक्या खांबालाच डबल क्रोशे म्हणतात आणि आपल्या खांबाला ट्रेबल म्हणतात. नमुन्यात कोठेही सिंगल क्रोशे हे नाव आले, तर तो अमेरिकी आहे हे नक्की, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. ग्रॅनीच्या बाबतीत ओळख आणखी सोपी आहे: झुपक्यात तीन डबल सांगितले असतील तर नमुना अमेरिकी, तीन ट्रेबल सांगितले असतील तर बहुधा ब्रिटिश. मराठी नावांत असा घोटाळा नाही, म्हणून नमुना हाती आला की प्रथम वहीत मराठीत उतरवून घ्यावा.

३. पुण्यात थंडी ती किती? लोकरीचा स्कार्फ विणण्यात अर्थ आहे का?

१७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, परंतु तो अपवाद झाला. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी ऊन चांगलेच तापते. पाषाण किंवा विद्यापीठाच्या बाजूला पहाटे फिरायला जाणाऱ्यांना गळ्याभोवती काहीतरी हवेच असते, पण घरी परतेपर्यंत तेच काढून टाकावेसे वाटते. अशा हवेला जाड, घट्ट विणीच्या मफलरपेक्षा ग्रॅनीची जाळीदार वीण अधिक सोयीची पडते. ती एकेरी घेतली तर हवा खेळती राहते, दुहेरी गुंडाळली तर दोन थरांमधल्या खणांत हवा अडकून ऊब मिळते आणि दुपारी घडी करून पिशवीत टाकता येते. हिमाचलच्या सहलीसाठी विणायचे असेल तर मात्र ही वीण एकटी पुरत नाही, कारण बोचरा वारा खणांतून आत शिरतोच.

४. लोकर कोणती घ्यावी? थ्री प्लाय, फोर प्लाय यांत फार गोंधळ होतो.

प्लाय म्हणजे दोऱ्यात पिळलेल्या पदरांची संख्या. ती जाडी नव्हे. तीन जाड पदरांचा दोरा चार बारीक पदरांच्या दोऱ्यापेक्षा जाड असू शकतो. म्हणून वेष्टनावर १०० ग्रॅममध्ये किती मीटर लोकर आहे ते पाहावे. १०० ग्रॅमला साधारण २०० ते २५० मीटर भरणारी लोकर ही स्कार्फासाठी मध्यम जाडीची समजावी, आणि खालील सर्व मापे त्याच जाडीची आहेत.

आपण जिला सरसकट लोकर म्हणतो, ती बाजारात बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. लुधियानाच्या गिरण्यांतून येणाऱ्या विणकामाच्या गुंड्यांतही तिचे प्रमाण मोठे आहे. पहिल्या स्कार्फाला ती उत्तम आहे, कारण स्वस्त असते, घरी धुता येते आणि उसवून पुन्हा विणली तरी कुरकुर करत नाही. खरी लोकर अधिक उबदार, पण काहींच्या मानेला ती टोचते. विकत घेण्यापूर्वी गुंडा हनुवटीखाली मिनिटभर धरून पाहावा, तळहातावर तो काटेरीपणा कळत नाही. सुती दोऱ्याचा स्कार्फ दिसायला सुरेख होतो, परंतु सूत जड असल्यामुळे लांब पट्टी स्वतःच्याच वजनाने लोंबते आणि अरुंद होत जाते. सूत वापरायचेच असेल तर स्कार्फाऐवजी काऊल विणावा.

घरात सापडलेल्या बिनवेष्टनाच्या लोकरीची ओळख पटवायची असेल, तर वीतभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहावा. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो, खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो व तिची राख बोटांत चुरडते, आणि सूत कागदासारखे जळते.

५. आजीच्या डब्यातली क्रोशाची सुई चालेल का?

तोरणे, टेबलावरचे रुमाल आणि टीव्हीवर घालायची आच्छादने ज्या पोलादी सुईने विणली जात, ती बारीक दोऱ्याची सुई असते. तिची जाडी एक-दीड मिलिमीटरच्या आसपास भरते आणि लोकर तिच्या टोकात मावत नाही. ती सुई जपून ठेवावी, पण या कामाला ४.५ किंवा ५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची अथवा लाकडी सुई घ्यावी. तुमचा हात घट्ट असेल तर ५, सैल असेल तर ४.५. ग्रॅनीचे सौंदर्य तिच्या पडण्यात आहे. बारीक सुईने विणलेली पट्टी गळ्याभोवती पुठ्ठ्यासारखी उभी राहते.

६. किती लोकर लागेल, आणि ती एकदमच घ्यावी का?

सुमारे २० सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर लांब स्कार्फाला १५० ते २०० ग्रॅम लोकर लागते. एका वेढ्याच्या काऊलला ८० ते १०० ग्रॅम पुरते आणि दोन वेढ्यांच्या काऊलला त्याच्या दुप्पट. एकरंगी काम असेल तर सगळी लोकर एकदमच घ्यावी आणि वेष्टनावरचा रंगाच्या घाणीचा क्रमांक, ज्याला दुकानदार लॉट नंबर म्हणतात, सर्व गुंड्यांवर एकच आहे ना हे पाहावे. तुळशीबागेत दुकानाच्या दिव्याखाली दोन मरून रंगाचे गुंडे अगदी एक दिसतात. लक्ष्मी रस्त्यावर उन्हात आल्यावर त्यांच्यातला फरक कळतो आणि तोवर पिशवी भरलेली असते. दोन गुंडे उंबऱ्याबाहेर नेऊन पाहू द्या, असे दुकानदाराला निःसंकोच सांगावे.

७. अगदी पहिला, सरळ स्कार्फ कसा विणायचा ते टप्प्याटप्प्याने सांगाल का?

साखळीची संख्या तीनच्या पाढ्यातली घेऊन तिच्यात दोन मिळवावेत. २० सेंटिमीटर रुंदीसाठी ३२ साखळ्या घालाव्यात. सुईपासूनची पहिली साखळी सोडून दुसरीपासून प्रत्येक साखळीत एक मुका खांब घालत जावे. ओळीच्या शेवटी ३१ मुके खांब भरले पाहिजेत. हा पाया झाला.

काम उलटवून तीन साखळ्या घालाव्यात; त्या पहिल्या खांबाच्या जागी धरायच्या आहेत. पायाच्या पहिल्याच टाक्यात आणखी एक खांब घातला की कडेची जोडी तयार होते. आता दोन टाके सोडून पुढच्या टाक्यात तीन खांबांचा झुपका, पुन्हा दोन सोडून झुपका, असे करत जावे. शेवटी दोन टाके सोडून अखेरच्या टाक्यात दोनच खांब घालावेत. या ओळीत दोन्ही कडांना एकेक जोडी आणि मधे ९ झुपके दिसतील. हिला आपण जोडीची ओळ म्हणू.

पुन्हा उलटवून तीन साखळ्या घालाव्यात. आता प्रत्येक खणात, म्हणजे जोडी आणि झुपका यांच्या मधल्या जागेतही, एकेक झुपका घालत जावे आणि शेवटी मागच्या ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यात एक खांब घालून ओळ संपवावी. या ओळीत १० झुपके आणि दोन्ही टोकांना एकेक एकटा खांब असतो. हिला एकट्या खांबाची ओळ म्हणू. यानंतर जोडीची ओळ आणि एकट्या खांबाची ओळ आलटून पालटून विणत राहायचे. फरक इतकाच, की आता जोडीच्या ओळीतले झुपकेही टाक्यांत नव्हे तर खणांतच बसतात, आणि कडेचा एकटा खांब व त्याच्या शेजारचा झुपका यांमधली जागा मात्र मोकळी सोडायची असते. सुमारे १२० ओळींत १५० सेंटिमीटर लांबी भरते. शेवटची ओळ पायासारखीच मुक्या खांबांची घालावी, म्हणजे दोन्ही टोके सारखी दिसतात.

८. माझा स्कार्फ वर जाताना अरुंद होत जातो (किंवा रुंद होत जातो). काय चुकते?

ग्रॅनीत सर्वाधिक चुका कडेलाच होतात, कारण मधला सगळा भाग खण आपोआप सांभाळतात. अरुंद होत असेल तर बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी मागच्या तीन साखळ्यांच्या माथ्यातला टाका राहून गेलेला असतो. त्या साखळ्या खांबासारख्या ठसठशीत दिसत नाहीत आणि नजरेतून निसटतात. तेथे पहिल्याच दिवशी रंगीत दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवून ठेवावी. रुंद होत असेल तर जोडीच्या ओळीत कडेची मोकळी सोडायची जागा खण समजून भरली गेलेली असते. पडताळा साधा आहे: ३२ साखळ्यांच्या स्कार्फात ९ झुपके आणि दोन जोड्या, मग १० झुपके आणि दोन एकटे खांब, असा क्रम मोडता कामा नये.

कडा बाहेरच्या बाजूला फुगत असतील तर संख्या बरोबर असूनही तीन साखळ्यांची उंची तुमच्या खांबापेक्षा जास्त होत आहे. तीनऐवजी दोन साखळ्या घालून पाहाव्यात.

९. सुरुवातीची कड आक्रसते आणि स्कार्फ खाली निमुळता दिसतो.

साखळी घट्ट पडली आहे. फक्त साखळीपुरती अर्धा किंवा एक मिलिमीटर जाड सुई वापरावी आणि पायाच्या ओळीपासून नेहमीची सुई घ्यावी. हात जाणूनबुजून सैल सोडण्याचा सल्ला आम्ही देत नाही. दहा साखळ्यांनंतर तो कोणाच्याच लक्षात राहत नाही.

१०. काऊलसाठी किती साखळ्या घालू? डोक्यातून गेला नाही तर?

काऊल म्हणजे टोके नसलेला, वर्तुळाकार स्कार्फ. येथे पायाची संख्या नुसती तीनच्या पाढ्यातली हवी, वर काही मिळवायचे नाही, कारण कडाच नसतात. मध्यम लोकरीत एका झुपक्याला सुमारे दोन सेंटिमीटर जागा लागते. ९० साखळ्यांत ३० झुपके आणि ६० सेंटिमीटरचा घेर मिळतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर सामान्यतः ५५ ते ५८ सेंटिमीटर असतो आणि ग्रॅनीची वीण ताणली जाते, त्यामुळे एवढा काऊल डोक्यातून सहज जातो. अंबाडा किंवा जाड वेणी घालणाऱ्यांनी ९६ साखळ्या घ्याव्यात. दोन वेढ्यांसाठी १८० ते २०० च्या दरम्यानची, तीनने भाग जाणारी संख्या धरावी. उंची २० ते २५ सेंटिमीटर पुरते. त्याहून उंच केला तर तो हनुवटीखाली गोळा होऊन बसतो.

साखळीची दोन्ही टोके सरकत्या टाक्याने (दोरा नुसता ओढून घेतलेल्या, उंची नसलेल्या टाक्याने) जोडताना ती कोठेही पिळलेली नाही हे टेबलावर सपाट मांडून पाहावे. आमची शिफारस अशी, की पहिल्या दोन ओळी जोडल्याशिवायच, पट्टीसारख्या विणाव्यात आणि मग गोल जोडावे. दोन ओळींच्या पट्टीला पीळ पडला तर तो लगेच दिसतो, आणि खालची राहिलेली छोटी फट सुरुवातीच्या लांब ठेवलेल्या टोकानेच शिवून टाकता येते. पीळ पडून गेलाच असेल तर प्र. २० पाहावा.

११. काऊलच्या फेऱ्या जोडते ती जागा तिरकी सरकत जाते. सरळ कशी ठेवायची?

फेरी संपली की पुढच्या खणापर्यंत पोहोचण्यासाठी आपण झुपक्याच्या माथ्यावरून सरकत्या टाक्यांनी पुढे जातो. प्रत्येक फेरीला असे अर्धा झुपका पुढे गेल्यामुळे सांधा जिन्यासारखा तिरका चढतो. उपाय असा, की फेरी जोडल्यावर काम उलटवावे. उलटवल्यावर पहिल्या आणि शेवटच्या झुपक्यांमधला खण हाताशीच येतो. त्यात एक सरकता टाका घालून तीन साखळ्या, दोन खांब आणि पुढे नेहमीप्रमाणे. प्रत्येक फेरीला दिशा बदलल्याने सांधा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे सरकून एकूण सरळ राहतो. ग्रॅनी स्क्वेअर फिरल्यासारखा, कोपरे मुरडलेला दिसत असेल तर त्यावरही फेरीगणिक उलटवणे हाच इलाज आहे.

१२. तिकोनी स्कार्फ कसा सुरू करायचा, आणि लोकर अर्धी झाली हे कसे ओळखायचे?

लोकरीच्या सैल फासात चार साखळ्या (एक खांब आणि एक साखळी मिळून), तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, एक साखळी आणि एक खांब घालून फास आवळावा. मधल्या दोन साखळ्या हा त्रिकोणाचा कणा. पुढच्या प्रत्येक ओळीत चार साखळ्या घालून पहिल्याच खणात झुपका, मग येणाऱ्या प्रत्येक खणात एकेक झुपका, कण्यात दोन साखळ्यांनी अलग केलेले दोन झुपके, आणि शेवटच्या खणात झुपका, एक साखळी व मागच्या चार साखळ्यांपैकी तिसरीत एक खांब. दर ओळीला दोन झुपके वाढतात. म्हणून दहाव्या ओळीत २० झुपके असले पाहिजेत आणि तिसाव्या ओळीत ६०. मोजायला याहून सोपे काही नाही.

लोकरीचा हिशेब मात्र फसवा आहे. ओळ दर वेळी लांबत असल्यामुळे लागणारी लोकर ओळींच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० ओळींच्या त्रिकोणाची निम्मी लोकर २५ व्या ओळीला नव्हे, तर ३५ व्या ओळीच्या सुमारास संपते. २५ व्या ओळीला जेमतेम एक चतुर्थांश संपलेली असते. “अर्धा विणून झाला, दोन गुंडे उरले” असे समजून त्यांतला एक मैत्रिणीला देऊन टाकलेली उदाहरणे आमच्याकडे आहेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर उरलेला गुंडा वेळोवेळी तोलून पाहावा.

१३. स्कार्फ लांबीच्या दिशेने विणता येतो का?

येतो, आणि आडव्याऐवजी उभे, टोकापर्यंत जाणारे रंगपट्टे हवे असतील तर तसाच विणावा. १५० सेंटिमीटरसाठी २२७ साखळ्या घालाव्यात आणि कृती प्र. ७ मधलीच ठेवावी. झुपके ७४ आणि ७५ असे आलटून पालटून येतील. ओळी मात्र सोळा-सतराच लागतात. येथे प्र. ९ मधली जाड सुई ऐच्छिक नाही, आवश्यक आहे, कारण दीड मीटरची कड आक्रसली तर स्कार्फ धनुष्यासारखा वाकतो.

१४. चौकोन जोडून केलेला स्कार्फ फार आवडतो. किती चौकोन लागतील?

चार फेऱ्यांचा चौकोन ११ ते १२ सेंटिमीटरचा होतो. एकेरी पट्टीला १३ आणि दुहेरी पट्टीला २६ चौकोन लागतात. पहिल्या फेरीत ४ झुपके, दुसरीत ८, तिसरीत १२ आणि चौथीत १६ भरले पाहिजेत. हा स्कार्फ सुरू करण्यापूर्वी दोऱ्याच्या सुट्या टोकांचा विचार मात्र जरूर करावा: प्रत्येक चौकोनात तीन रंग असतील तर चौकोनामागे सहा टोके, म्हणजे २६ चौकोनांत १५६ टोके लपवायची. वर्गातले अर्धवट राहिलेले बहुतेक चौकोनी स्कार्फ विणायचे राहिले म्हणून नव्हे, तर टोके लपवायची राहिली म्हणून कपाटात पडले आहेत. तेव्हा प्रत्येक चौकोन संपताच त्याची टोके लपवावीत, किंवा एकरंगी चौकोन करून टोके ५२ वर आणावीत. चौकोन वेगळे शिवण्याऐवजी शेवटची फेरी विणतानाच शेजारच्या चौकोनाच्या खणात मुका खांब घालून जोडत गेले, तर शिवणकाम पूर्णपणे वाचते.

१५. जाळीदार विणीत टोके लपत नाहीत, धुतल्यावर बाहेर येतात.

टोक किमान १५ सेंटिमीटर ठेवावे आणि बोथट सुईने झुपक्याच्या खांबांच्या पोटातून न्यावे, खणावरून कधीही नेऊ नये. एका दिशेने नेऊन, एक पदर सोडून उलट दिशेने परत आणावे आणि मग तिसऱ्यांदा दिशा बदलावी. एकाच दिशेने नेलेले टोक ताणाबरोबर सरकते. नुसती गाठ मारून दोरा जवळून कापू नये. रंग बदलताना झुपक्याचा शेवटचा खांब पूर्ण करायचा अखेरचा ओढा नव्या रंगाने घेतला आणि दोन्ही टोके पुढच्या झुपक्यांत विणतानाच गुंतवली, तर हे काम बरेच कमी होते.

१६. दुचाकीवर तोंडाला बांधायला ग्रॅनी स्कार्फ चालेल का?

चालणार नाही, आणि यावर आमचे दुमत नाही. पुण्यात दुचाकीवर जो सुती स्कार्फ डोक्या-तोंडाभोवती बांधला जातो, त्याचे काम धूळ आणि ऊन अडवणे हे आहे; बोटभर खणांच्या जाळीतून धूळ आरपार जाते. शिवाय लोंबती टोके चाकात किंवा साखळीत अडकणे हा जिवावरचा धोका आहे, तो गोंडे लावलेल्या लोकरी स्कार्फाला अधिकच आहे. थंडीसाठी गळ्यापाशी काही हवे असेल तर टोके नसलेला, एका वेढ्याचा काऊल जॅकेटच्या आत घालावा आणि तोंडावरचा सुती स्कार्फ वेगळा ठेवावा. हेल्मेटच्या आत जाड वीण दुमडून घालू नये. हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही.

१७. धुवायचा कसा? इस्त्री केली तर वीण छान सपाट होईल ना?

ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नये. उष्णतेने तंतू कायमचे मऊ पडतात, विणीतला जीव जातो आणि स्कार्फ मेण लावलेल्या चिंधीसारखा लुळा होतो. यावर उपाय नाही. थंड पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता, पंच्यात गुंडाळून दाबून पाणी काढावे आणि सपाट जागेवर मापाला ताणून वाळवावे. दोरीवर लटकवल्यास ओल्या स्कार्फाची लांबी वाढते. खऱ्या लोकरीला तर गरम पाणी आणि चोळणे दोन्ही वर्ज्य, कारण तंतू एकमेकांत अडकून ती आटते. तिकोनी स्कार्फाचा कणा आणि चौकोनांचे कोपरे ओले असतानाच टाचण्यांनी ताणून ठेवले, तर वीण खुलते.

१८. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या स्कार्फाला वास येतो आणि भोके पडतात.

भोके कसर पाडते, आणि ती प्राणिज तंतू खाते. म्हणून खरी लोकर धोक्यात असते, ॲक्रिलिकला सहसा काही होत नाही. मात्र घामाचे, अन्नाचे डाग असलेला कपडा तिला अधिक आवडतो, त्यामुळे फेब्रुवारीत स्कार्फ न धुता ठेवून देऊ नये. उन्हात खडखडीत वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या डब्यात किंवा पिशवीत ठेवावा. डांबरगोळ्या ठेवल्यास त्या विणीला टेकू देऊ नयेत आणि वापरण्यापूर्वी स्कार्फाला वारा द्यावा. भोक पडलेच तर ग्रॅनीत दुरुस्ती सोपी आहे: तुटलेला झुपका सोडवून त्याच खणात नव्या दोऱ्याने तीन खांब घालावेत आणि त्यांचे माथे वरच्या झुपक्याला शिवावेत.

१९. बाळाच्या बारशाला असा स्कार्फ देऊ का?

तान्ह्या बाळाला गळ्यात काहीच घालू नये. शिवाय त्याची बोटे खणांत अडकतात. आईसाठी विणावा.

२०. चार फेऱ्यांनंतर काऊलला पीळ पडल्याचे लक्षात आले. उसवावे लागेल का? आणि दुकानात मुद्दाम पीळ घातलेले काऊल मिळतात, ते कसे करतात?

साखळी पिळलेली असताना गोल जोडली गेली तर त्या काऊलला पूर्ण वेढ्याचा पीळ बसतो आणि पुढे कितीही फेऱ्या विणल्या तरी तो आपोआप सुटत नाही. दोनच मार्ग उरतात: जोडापर्यंत उसवणे, किंवा तो पीळ तसाच ठेवणे. दोन वेढ्यांच्या लांब काऊलमध्ये पीळ दिसतही नाही. तेथे आम्ही तो ठेवा असेच सांगू. एका वेढ्याच्या आखूड काऊलमध्ये मात्र तो मानेला दोरखंडासारखा लागतो, म्हणून उसवावे. ग्रॅनीच्या चार फेऱ्या परत विणायला फार तर दोन तास लागतात.

मुद्दाम पीळ घातलेल्या काऊलमध्ये पीळ अर्ध्या वेढ्याचा असतो आणि तो गोल विणून येत नाही. त्यासाठी प्र. ७ प्रमाणे सरळ पट्टी विणावी, पिळात काही लांबी खर्च होत असल्याने ती ६० ऐवजी ७० सेंटिमीटरची करावी, आणि टोके शिवण्यापूर्वी एक टोक एकदाच उलटे करावे. असे जोडल्यावर एक गंमत होते: पट्टीच्या दोन कडा मिळून एकच सलग कड तयार होते. कोठूनही किनार घालायला सुरुवात केली, तर वरची कड संपून सुई खालच्या कडेवर येते आणि दोन्ही पुऱ्या करूनच सुरुवातीच्या टाक्याशी परतते. त्यामुळे किनारीची लोकर मोजताना ७० सेंटिमीटरचा घेर न धरता १४० सेंटिमीटर धरावा.